विश्लेषण : खटला सुरू असताना पक्षकाराचा मृत्यू झाला, तर कोर्टात बाजू कोण मांडणार? ९० दिवसांचा नियम काय सांगतो?

धानाच्या बांधीचा धुरा, वडिलोपार्जित शेतीची वाटणी, गोसेखुर्द प्रकल्पात गेलेल्या जमिनीचा वाढीव मोबदला, हातउसन्या पैशांची वसुली किंवा महामार्गावरच्या अपघाताची भरपाई. भंडारा जिल्ह्यातल्या कोर्टांत असे दावे वर्षानुवर्षे चालतात. दावा दाखल करणारा माणूस निकाल ऐकायला हयात असेलच, याची खात्री नसते. त्याच्या मृत्यूनंतर घरात दुहेरी पेच उभा राहतो. समोरच्या पक्षाशी भांडण बाकी असते आणि ‘आता कोर्टात आपल्या बाजूने उभे कोणी राहायचे’ यावर घरातच वाद सुरू होतो. थोरला मुलगा मृत्युपत्र दाखवतो, बहीण वाटा मागते, काका म्हणतात की शेत एकत्र कुटुंबाचे आहे. या वादात ९० दिवस निघून गेले, तर मूळ दावाच हातचा जाऊ शकतो. कायदा याबाबत काय सांगतो, ते पाहू.

थोडक्यात महत्त्वाचे

• पक्षकाराच्या मृत्यूने दावा आपोआप संपत नाही. मात्र मृत्यूच्या तारखेपासून ९० दिवसांत वारसांची नावे दाव्यात लावण्यासाठी अर्ज करावा लागतो.
• अर्ज न केल्यास मृत पक्षकारापुरता दावा रद्दबातल होतो. त्यासाठी कोर्टाच्या वेगळ्या आदेशाची गरज नसते.
• प्रतिनिधी कोण, यावर वाद झाला तर निर्णय कोर्ट देते. पण त्या निर्णयाने मालकी ठरत नाही.
• फेरफार, नॉमिनी आणि वारस दाखला यांपैकी एकही कागद एकट्याने मालकी सिद्ध करत नाही.

मृत्यूबरोबर खटलाही संपतो का?

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश २२ हा संपूर्ण भाग याच प्रश्नावर आहे. त्याचा पहिलाच नियम सांगतो की दावा करण्याचा हक्क शिल्लक राहत असेल, तर पक्षकाराच्या मृत्यूने दावा संपत नाही. जमीन, घर, कर्ज, मोबदला, करार हे हक्क माणसासोबत जात नाहीत, ते त्याच्या मालमत्तेचा भाग असतात. त्यामुळे त्यावरचे दावे पुढे चालतात.

निव्वळ व्यक्तिगत हक्काचे दावे मात्र याला अपवाद आहेत. अब्रूनुकसानीचा दावा करणारा निकालाआधीच वारला, तर तो हक्क सर्वसाधारणपणे त्याच्यासोबत संपतो. भारतीय वारसा कायदा, १९२५ च्या कलम ३०६ मध्ये ही विभागणी दिली आहे.

आणखी एक अपवाद लक्षात ठेवण्यासारखा आहे. दोन्ही बाजूंचा युक्तिवाद पूर्ण झाला, प्रकरण निकालासाठी राखून ठेवले आणि त्यानंतर मृत्यू झाला, तर दावा रद्दबातल होत नाही. कोर्ट निकाल देऊ शकते आणि तो मृत्यूपूर्वी दिल्यासारखाच धरला जातो. याउलट सुनावणी बाकी असताना पक्षकार वारला, कोणालाच रेकॉर्डवर आणले नाही आणि निकाल लागला, तर मृत व्यक्तीच्या बाजूने किंवा विरोधात दिलेला तो हुकूमनामा निरर्थक ठरतो.

‘वारस’ आणि ‘कायदेशीर प्रतिनिधी’ एकच का?

बोलीभाषेत एकच, कायद्यात नाही. संहितेच्या कलम २ (११) मध्ये ‘कायदेशीर प्रतिनिधी’ची व्याख्या आहे. मृताच्या मालमत्तेचे कायद्याने प्रतिनिधित्व करणारी व्यक्ती म्हणजे कायदेशीर प्रतिनिधी. यात मुलगा, मुलगी, विधवा, आई हे वारस तर येतातच; पण ज्याच्या नावे मृत्युपत्र आहे तो, मृत्युपत्रात नेमलेला व्यवस्थापक, इतकेच काय, मृताच्या मालमत्तेत हात घालून बसलेली तिऱ्हाईत व्यक्तीही येते.

तिऱ्हाईत कशासाठी? समजा, एखाद्याकडून तुमचे पैसे येणे आहेत. तो वारला आणि त्याचे दुकान, माल, गल्ला सारे पुतण्याने ताब्यात घेतले. कायद्याने पुतण्या वारस नसेलही, पण मालमत्ता त्याच्या हाती आहे. अशा वेळी त्याला दाव्यात आणता येते. गोव्यातल्या पोर्तुगीजकालीन बँक नॅसिओनल अल्ट्रामारिनोच्या शाखांशी संबंधित प्रकरणात १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच मुद्दा स्पष्ट केला. ही व्याख्या व्यापक आहे, ती केवळ वारसांपुरती मर्यादित नाही, असे त्या निकालात म्हटले आहे.

म्हणून कोर्टातला प्रश्न ‘मालक कोण’ हा नसतो. ‘मयताच्या मालमत्तेच्या वतीने या दाव्यात बोलणार कोण’ एवढाच असतो. घरातली बहुतेक भांडणे हे दोन प्रश्न एकत्र केल्यामुळे वाढतात.

९० दिवसांचा हिशेब कसा होतो?

मुदत कायदा, १९६३ च्या अनुच्छेद १२० नुसार वारसांना रेकॉर्डवर आणण्याच्या अर्जासाठी ९० दिवसांची मुदत आहे. ती मृत्यूच्या तारखेपासून मोजतात. तेरवीपासून नाही, मृत्यूचा दाखला मिळाल्यापासून नाही किंवा कोर्टाच्या पुढच्या तारखेपासूनही नाही.

समजा, लाखांदूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने शेजाऱ्याविरुद्ध धुऱ्याचा दावा केला आहे आणि १० जून रोजी त्याचा मृत्यू झाला. घरी पत्नी, दोन मुले आणि लग्न झालेली मुलगी आहे. त्यांना ८ सप्टेंबरपर्यंत अर्ज करता येतो. हे दिवस रोवणीचे, घरात सुतक आणि शेतात काम. तालुक्याच्या कोर्टातली पुढची तारीख कदाचित दिवाळीनंतरची असते. ‘तारखेला जाऊ तेव्हा सांगू’ असे म्हणत मुदत नेमकी याच काळात निघून जाते.

अर्ज मंजूर झाला की दाव्याच्या शीर्षकात दुरुस्ती होते. वादी क्रमांक १ च्या जागी ‘मयत, तर्फे वारस १-अ, १-ब, १-क, १-ड’ अशी नावे येतात आणि दावा जिथे थांबला होता तिथून पुढे सुरू होतो. नव्याने दावा करावा लागत नाही. वारसांना मात्र मूळ वादीची भूमिका बदलता येत नाही. त्याने घेतलेलीच बाजू पुढे न्यावी लागते.

प्रतिवादी वारला तर जबाबदारी वादीवर येते. म्हणजे वरच्या उदाहरणात शेजारी वारला असता, तर त्याच्या वारसांची नावे शोधून अर्ज करण्याचे काम शेतकऱ्याचे होते. समोरच्या घरात कोण वारले, त्यांना मुली किती, त्या कुठल्या गावी दिल्या, ही माहिती काढणे सोपे नसते. म्हणूनच १९७६ च्या दुरुस्तीने आदेश २२ मध्ये नियम १०-अ आला. आपला पक्षकार वारल्याचे कळताच ते कोर्टाला सांगणे हे त्याच्या वकिलाचे कर्तव्य आहे. एरवी पक्षकाराच्या मृत्यूने वकिलाशी असलेला करार संपतो, पण एवढ्या कामापुरता तो शिल्लक असल्याचे मानले जाते.

मुदत चुकली तर सगळे संपले का?

नाही, पण रस्ता अवघड होतो. ९० दिवसांत अर्ज झाला नाही की मृत पक्षकारापुरता दावा आपोआप रद्दबातल होतो. त्यानंतर ६० दिवसांत हा परिणाम रद्द करण्यासाठी अर्ज करता येतो (अनुच्छेद १२१). वरच्या उदाहरणात ही तारीख ७ नोव्हेंबर येते. तीही उलटली, तर मुदत कायद्याच्या कलम ५ खाली विलंब माफीचा अर्ज जोडावा लागतो आणि उशिराचे पुरेसे कारण दाखवावे लागते.

न्यायालयांचा कल अशा वेळी तांत्रिकतेपेक्षा न्यायाकडे असतो. २००३ मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की वारसांना रेकॉर्डवर आणण्याची विनंती मंजूर झाली, तर दावा रद्दबातल झाल्याचा परिणाम दूर करण्याची विनंती त्यातच आली असे समजावे. केरळमधील एका देवस्थानाच्या प्रकरणात २००८ मध्ये आणखी एक व्यवहार्य मुद्दा आला. अपील उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे तारखेविना पडून असेल, तर समोरचा पक्षकार जिवंत आहे की नाही यावर पक्षकाराने सतत पाळत ठेवावी, अशी अपेक्षा करता येत नाही.

पण ही सवलत आहे, हक्क नव्हे. ‘घरात वाटणीवरून भांडण होते’ हे कारण कोर्टाला पुरेसे वाटेलच असे नाही. शिवाय दावा एकदा रद्दबातल झाला की त्याच कारणावर नवा दावा करता येत नाही. परिणाम रद्द करण्याचा अर्ज फेटाळला गेला, तर त्याविरुद्ध अपिलाची सोय आहे.

सहहिस्सेदारांना एक जास्तीचा धोका असतो. हुकूमनामा सर्वांचा मिळून आणि न विभागता येणारा असेल, तर एकाच्या वारसांची नावे न लागल्याने सगळ्यांचेच अपील कोसळू शकते.

एकापेक्षा जास्त दावेदार पुढे आले तर?

याचे उत्तर आदेश २२, नियम ५ मध्ये आहे. एखादी व्यक्ती मृताची कायदेशीर प्रतिनिधी आहे की नाही, असा प्रश्न आला तर तो कोर्टानेच ठरवायचा. लाखांदूरच्या उदाहरणात थोरल्या मुलाने मृत्युपत्र दाखवून ‘मी एकटाच’ असा अर्ज दिला आणि बहिणीने ते बनावट असल्याची हरकत घेतली, तर कोर्ट दोघांचे म्हणणे ऐकते, गरजेप्रमाणे पुरावा घेते आणि मग आदेश देते. प्रकरण अपिलात असेल, तर अपील न्यायालय खालच्या कोर्टाला चौकशी करून पुरावा व निष्कर्ष पाठवण्यास सांगू शकते.

ही चौकशी मूळ प्रकरणाच्या आधी व्हायला हवी. मृत्युपत्राच्या आधारे एक पक्ष आणि नात्याच्या आधारे दुसरा पक्ष उभा असलेल्या आंध्र प्रदेशातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हा क्रम पक्का केला. प्रतिनिधी कोण हे न ठरवता थेट अपील ऐकणे चुकीचे आहे, असे त्या निकालात सांगितले आहे. बाजू कोण मांडते आहे हेच ठरले नसेल, तर युक्तिवाद कोणाचा ऐकायचा, हा साधा प्रश्न त्यामागे आहे.

मात्र सगळ्याच वादांत लांबलचक चौकशी लागत नाही. २०१० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने व्यवहारी वाट दाखवली. मृत्युपत्रावर हक्क सांगणारा आणि नैसर्गिक वारस, दोघांनाही रेकॉर्डवर घ्यावे. मृत्युपत्र खरे की खोटे, हे त्याच्या स्वतंत्र दाव्यात ठरेल. मूळ खटला त्यासाठी अडून राहायला नको.

कुटुंबासाठी सर्वात सोपा मार्गही हाच आहे. अर्ज सर्वांनी मिळून करावा लागत नाही. एका वारसानेही तो केला, बाकी सर्वांची नावे त्यात लिहिली आणि जे सही करायला तयार नाहीत त्यांना औपचारिक प्रतिवादी केले, तरी मुदत वाचते. घरातला वाद त्यानंतर सावकाश लढता येतो.

कोर्टाने नाव लावले म्हणजे मालकी मिळाली?

अजिबात नाही. नियम ५ खालचा निर्णय फक्त त्या दाव्यापुरता आणि प्रतिनिधित्वापुरता असतो. २००८ च्या त्याच निकालात हे स्पष्ट केले आहे. ज्याचे नाव लागले तो त्या खटल्यात मृताच्या मालमत्तेच्या वतीने बोलतो. तो त्यामुळे वारस किंवा मालक ठरत नाही. ज्याचे नाव लागले नाही, त्यालाही हक्कासाठी स्वतंत्र दावा करता येतो. नाव कोणाचे लावायचे, या आदेशाविरुद्ध थेट अपील नाही. भंडाऱ्यातल्या प्रकरणात त्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे जावे लागते.

बहिणीचे नाव मुद्दाम गाळले तर?

या विषयातली सर्वात संवेदनशील बाजू हीच. हिंदू वारसा कायदा, १९५६ नुसार मुलगा, मुलगी, विधवा आणि आई हे सारे पहिल्या वर्गाचे वारस आहेत. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेतही मुलीला जन्माने हक्क मिळाला आणि वडील त्या दिवशी हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. तरीही वारस अर्जात फक्त भावांची नावे देण्याची पद्धत गेलेली नाही.

कायद्याचा एक जुना सिद्धांत इथे बहिणीच्या विरोधात जाऊ शकतो. पुरेशी चौकशी करून, प्रामाणिकपणे काही वारसांना रेकॉर्डवर आणले असेल, तर मृताच्या संपूर्ण मालमत्तेचे प्रतिनिधित्व झाले असे धरले जाते आणि निकाल गाळलेल्या वारसांनाही बांधतो. सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकातच हे तत्त्व मान्य केले. फसवणूक किंवा संगनमत दाखवता आले तरच त्यातून सुटका. म्हणजे भावाने शेजाऱ्याशी तडजोड करून दावा सोडला, तर बहिणीला आधी ते संगनमत होते हे सिद्ध करत बसावे लागेल. त्यापेक्षा दावा सुरू असतानाच स्वतःचे नाव लावून घेण्याचा अर्ज करणे सोपे. पुण्यात किंवा रायपूरला दिलेल्या मुलीलाही ई-कोर्ट्स ॲपवर सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक टाकून तारखा आणि आदेश पाहता येतात.

‘हक्कसोड’ लिहून घेतल्याचे सांगितले जात असेल, तर तो कागद नोंदणीकृत आहे का, हे आधी पाहावे. स्थावर मालमत्तेतला हक्क साध्या मुद्रांकावरच्या चिठ्ठीने सुटत नाही.

दुसरे घर, आदिवासी कुटुंब : नियम वेगळा आहे का?

पहिली पत्नी हयात असताना झालेला दुसरा विवाह हिंदू विवाह कायद्याने अवैध ठरतो, त्यामुळे दुसऱ्या पत्नीला विधवा म्हणून वारसा मिळत नाही. तिची मुले मात्र औरस मानली जातात. १ सप्टेंबर २०२३ च्या निकालानुसार त्यांना आईवडिलांच्या मालमत्तेत वाटा मिळतो. एकत्र कुटुंबात वडिलांच्या वाट्याला आला असता त्या हिश्शातही त्यांचा हक्क आहे. म्हणून वारस अर्जात त्यांची नावे यायलाच हवीत.

जिल्ह्यातल्या गोंड आणि इतर आदिवासी कुटुंबांना हिंदू वारसा कायदा थेट लागू नाही. कलम २ (२) ने अनुसूचित जमातींना त्यातून वगळले आहे. तिथे रूढी पाहिली जाते. पण ‘रूढीने मुलीला काही नाही’ असे नुसते म्हणून चालत नाही. छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०२५ रोजी स्त्री वारसांना समान वाटा दिला. मुलींना वगळणारी रूढी असेल तर ती सिद्ध करावी लागेल. ती सिद्ध झाली नाही तर समानतेचे तत्त्व लागू होईल, असा त्याचा आशय आहे. हा वादही मूळ स्त्रीच्या वारसांनीच न्यायालयात नेला होता.

मृत्युपत्र असेल तर प्रोबेट लागते का?

भंडाऱ्यात हा गैरसमज बराच आढळतो. वारसा कायद्याच्या कलम २१३ मुळे मृत्युपत्राचा हक्क कोर्टात सांगण्याआधी प्रोबेट घेणे काही ठिकाणी सक्तीचे होते. हिंदूंसाठी ही सक्ती मुंबई, मद्रास या शहरांच्या हद्दीत आणि १८७० मध्ये बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरच्या अखत्यारीतील प्रदेशापुरती होती. भंडारा तेव्हा मध्य प्रांतात होता, त्यामुळे इथल्या जमिनीबाबत इथे केलेल्या हिंदू मृत्युपत्राला ही अट लागू नव्हतीच. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने कलम २१३ च वगळले.

याचा अर्थ मृत्युपत्र आपोआप खरे ठरते असा नाही. हरकत आली, तर ते सिद्ध करण्यासाठी दोन साक्षीदारांपैकी किमान एकाची साक्ष लागते. साक्षीदार म्हणून दोन वृद्ध नातलगांची सही घेतली आणि तेही वारले, की अडचण सुरू होते.

फेरफार, वारस दाखला, नॉमिनी : कोणता कागद कशासाठी?

फेरफार : तलाठ्याकडे वारस नोंद झाली, सातबाऱ्यावर नाव चढले की काम झाले असे अनेकांना वाटते. ही नोंद महसुलासाठी असते. तिने मालकी निर्माण होत नाही किंवा संपतही नाही, हे न्यायालयांनी अनेकदा सांगितले आहे. शिवाय महसुलातल्या नोंदीमुळे दिवाणी दाव्यात नाव लागत नाही. तिथे वेगळा अर्ज हवाच.

उत्तराधिकार प्रमाणपत्र : १९२५ च्या कायद्यानुसार कोर्ट ते येणी, ठेवी, रोखे यांसाठी देते. जमिनीसाठी ते नाही. मृताचे येणे वसूल करण्याच्या दाव्यात वारसाला हुकूमनामा हवा असेल, तर कलम २१४ नुसार असा अधिकृत कागद दाखवावा लागतो.

वारस दाखला : १८२७ च्या मुंबई विनियमाखाली दिवाणी न्यायालय देते. वारस म्हणून ओळख पटवायला उपयोगी, पण हक्काचा अंतिम निवाडा नाही.

नॉमिनी : ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंतराव साळगावकर यांच्या पश्चात त्यांच्या मालमत्तेवरून झालेल्या खटल्यात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. शेअर आणि म्युच्युअल फंडाचा नॉमिनी मालक होतो का? १४ डिसेंबर २०२३ रोजी उत्तर आले : नाही. नॉमिनी रक्कम स्वीकारतो, ती जाते वारसांकडे किंवा मृत्युपत्रात नाव असलेल्यांकडे.

टिळक चौदा वर्षे कोणत्या खटल्यात अडकले?

मृताच्या मालमत्तेच्या वतीने कोणी बोलायचे, या वादाचे महाराष्ट्रातले सर्वात गाजलेले उदाहरण म्हणजे ताई महाराज प्रकरण. पुण्याचे सरदार बाबा महाराज ७ ऑगस्ट १८९७ रोजी वारले. मृत्युपत्राने त्यांनी इस्टेटीचा कारभार विश्वस्तांकडे सोपवला होता. त्यांत लोकमान्य टिळक आणि अमरावतीचे दादासाहेब खापर्डे होते. बाबा महाराजांच्या पत्नी ताई महाराज तेव्हा अल्पवयीन होत्या.

१९०१ मध्ये औरंगाबाद येथे जगन्नाथ या मुलाचे दत्तकविधान झाले. पुढे ताई महाराजांनी कोल्हापूरचा दुसरा मुलगा दत्तक घेतला आणि विश्वस्तांना दिलेले प्रोबेट रद्द करावे म्हणून अर्ज केला. प्रश्न दुहेरी झाला : इस्टेटीच्या वतीने विश्वस्त बोलणार की विधवा, आणि खरा दत्तक कोणता? पुण्याचे जिल्हा न्यायाधीश ॲस्टन यांचा १९०२ चा निकाल टिळकांच्या विरोधात गेला. त्यातूनच खोट्या साक्षीचा फौजदारी खटला उभा राहिला, १९०३ मध्ये शिक्षाही झाली. ४ मार्च १९०४ रोजी उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. दिवाणी दावा पुढे चालूच राहिला. १९०६ मध्ये खालच्या कोर्टात टिळकांच्या बाजूने, १९१० मध्ये उच्च न्यायालयात विरोधात आणि अखेर २६ मार्च १९१५ रोजी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये पुन्हा बाजूने, असे निकाल फिरत राहिले. ताई महाराज मात्र हा वाद सुरू असतानाच वारल्या. इस्टेट मोठी, विश्वस्त नामवंत, मृत्युपत्र लेखी. तरीही चौदा वर्षे लागली.

मृतावर कर्ज असेल तर वारसाच्या डोक्यावर येते का?

वारस रेकॉर्डवर येण्याचे टाळण्यामागे ही भीती मोठी असते. ‘नाव लावले की कर्जही आपलेच’ असे समजले जाते. संहितेच्या कलम ५० आणि ५२ नुसार कायदेशीर प्रतिनिधीची जबाबदारी मृताची जेवढी मालमत्ता त्याच्या हाती आली तेवढीच असते. बापाकडून दोन लाखांची मालमत्ता आली आणि हुकूमनामा पाच लाखांचा असेल, तर वारसाच्या स्वतःच्या कमाईवर त्याची वसुली होत नाही. अर्थात हाती आलेल्या मालमत्तेचा हिशेब त्याला द्यावा लागतो.

मृताला कोणीच प्रतिनिधी नसेल, तर नियम ४-अ नुसार कोर्ट शासकीय प्रशासक किंवा योग्य अधिकारी नेमून दावा पुढे चालवू शकते. आणि हुकूमनामा आधीच झाला असेल, फक्त दरखास्तीची अंमलबजावणी बाकी असेल, तर तिथे ९० दिवसांचा हा नियम लागू नाही.

अपघात भरपाईच्या दाव्यात कोण उभे राहू शकते?

भंडारा, लाखनी, साकोली या गावांतून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ मुळे हा प्रश्न जिल्ह्यात नेहमीचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ नुसार मृताचे कायदेशीर प्रतिनिधी अर्ज करतात आणि इथे न्यायालयांनी ही संज्ञा आणखी सैल केली आहे. मृताच्या उत्पन्नावर अवलंबून असलेला भाऊ, एवढेच नव्हे तर जावयाच्या घरी राहणारी सासूही प्रतिनिधी होऊ शकते, असे निकाल आहेत. काही वारस अर्जदार व्हायला तयार नसतील, तर त्यांना सामनेवाले म्हणून दाखवून अर्ज करता येतो. जखमी व्यक्तीने केलेला दावा सुरू असताना ती नंतर अन्य कारणाने वारली, तरी २०१९ च्या दुरुस्तीमुळे तो हक्क वारसांकडे जातो.

कुटुंबाने पहिल्या महिन्यात काय करावे?

• मृत्यू झाल्याचे वकिलाला लगेच कळवा; पुढच्या तारखेची वाट पाहू नका. मयताचे सुरू असलेले सर्व दावे, अपिले, भूसंपादनाची प्रकरणे यांची यादी करा. प्रत्येकात स्वतंत्र अर्ज लागतो.
• मृत्यूचा दाखला ग्रामपंचायत किंवा नगर परिषदेतून काढा. तो मिळायला उशीर होत असेल, तरी अर्ज थांबवू नका. दाखला नंतर जोडता येतो.
• वारसांची पूर्ण यादी करा. विवाहित मुली, आधी वारलेल्या मुलाची पत्नी व मुले, मयताची आई, दुसऱ्या घरातली मुले यांपैकी कोणी राहिले नाही ना, ते पाहा. वारस अज्ञान असेल, तर त्याच्यासाठी पालक नेमण्याचा अर्ज सोबत द्या.
• मृत्युपत्र असल्यास ते लपवू नका आणि त्याच्या जोरावर इतरांची नावे गाळूही नका. सर्वांना रेकॉर्डवर आणून मृत्युपत्राचा मुद्दा वेगळा मांडा.
• समोरचा पक्षकार वारल्याचे कळले, तर त्या दिवशीच वकिलाला सांगा. कधी कळले याची नोंद ठेवा; विलंब माफीच्या वेळी तीच कामी येते.
• वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तसेच अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत मदत मिळते. राष्ट्रीय मदत क्रमांक १५१०० आहे.

लाखांदूरच्या उदाहरणातल्या कुटुंबात चौघांचे एकमत व्हायला कदाचित वर्ष लागेल, मृत्युपत्राचा निकाल लागायला आणखी काही वर्षे. पण ८ सप्टेंबरपूर्वी त्यांच्यातल्या एकाने चौघांची नावे लिहून अर्ज दिला, तर धुऱ्याचा दावा तरी जिवंत राहतो. तो अर्ज करायला कोणाचा वाटा किती, हे आधी ठरवावे लागत नाही.